पंख मोडणारे मेश्रामकाका

यशवंतराव मेश्राम यांची पहिली ओळख झाली तेव्हा मला त्यांचा संशय आला होता. गौरवग्रंथात हे लिहिणे शोभत नसेल, पण काकांना ते आवडेल. बालाघाटच्या मराठी मंडळात कोणीतरी त्यांची ओळख करून दिली, "हे दक्षिणेत विमानं बनवत होते." काका लगेच म्हणाले, "बनवत नव्हतो, मोडत होतो." सगळे हसले. मी हसले नाही. मी तेव्हा मुलांसाठी विमानांवर पुस्तक लिहीत होते, आणि अशी वाक्ये टाकणारी माणसे मला बढाईखोर वाटत.

पण ते खरेच होते. महायुद्धानंतर जेट विमाने फार उंच उडू लागली, तेव्हा प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून आत हवेचा दाब ठेवावा लागला. दर उड्डाणाला विमानाचे अंग किंचित फुगे, उतरताना आकसे. कागदावर भक्कम ठरलेली काही विमाने त्यामुळे आकाशातच फुटली. तेव्हापासून रचनाकार स्वतःच्या आकडेमोडीवर संशय घ्यायला शिकले. विमानाचे धड पाण्याच्या टाकीत बुडवून आतला दाब चढवायचा-उतरवायचा. पंख यंत्राने वाकवायचे-सोडायचे, तडा जाईपर्यंत. कारखान्याच्या चाचणी विभागात काकांनी उमेदीची वर्षे हे पंख वाकवण्यात घालवली. "तडा न दिसलेला पंख म्हणजे न सापडलेला चोर," असे ते म्हणतात.

घरीही तेच. कुंदाकाकू सांगतात, "भाजीत मीठ टाकलं म्हटलं तरी चमचा घेऊन येतेत." माझी आई गोंदियाच्या दवाखान्यात होती, तेव्हा काका बसने येऊन तिच्या उशाशी बसत आणि सलाईनची प्रत्येक बाटली चष्मा वर करून वाचत. नर्सबाई वैतागत. आई मात्र ते असले की निवांत झोपे.

माझ्या पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण त्यांच्याच आठवणीवर उभे होते. एका पंखातला केसाएवढा तडा त्यांनी सर्वांच्या आधी पाहिला आणि त्या सांध्याची रचना बदलली गेली. एवढी एकच गोष्ट ते अभिमानाने सांगत. तरी छापण्यापूर्वी माझे मन मला खात राहिले. काही दिवसांनी मी तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारले.

"माही परीक्षा घेऊन राह्यली का, बाई?"

"हौ, काका."

"बरं केलं. पण दोन्ही वेळा मलेच काहून विचारलं? नागपूरले माहा कारखान्यातला जोडीदार आहे, देवधर. त्याले विचार."

देवधरांना फोन केला. ते म्हणाले, "यशवंत असं सांगतो? अहो, तडा मी पाहिला. त्याला हाक मारून मीच दाखवला."

हे काकांना कसे सांगावे, कळेना. एका म्हाताऱ्या माणसाची एकुलती मिरवण्याजोगी गोष्ट माझ्या हातून मोडणार होती. आणि न सांगता त्यांचेच छापले असते, तर मुलांच्या हातात मी तडा लपवलेला पंख दिला असता. शेवटी गेले आणि सांगितले. काकूंचे तांदूळ निवडणे थांबले.

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "देवधर खोटं नाही बोलत."

"मग तुम्ही?"

"मीबी नाही बोललो." चष्मा परत चढवून म्हणाले, "दोघाचंही लिही. पण माहं आधी लिही."

काकू म्हणाल्या, "पाहा, याहिचा सरळपणा."

मी तसेच छापले. पुस्तक मिळताच देवधरांचा फोन आला, त्यांचे नाव दुसरे का म्हणून. त्यानंतर दोघे दर रविवारी फोनवर भांडतात. नोकरी सुटल्यापासून त्यांचे बोलणे जवळजवळ बंद होते, हे मला काकूंकडून कळले.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘तो तडा पहिल्यांदा पाहणारे’ असे छापावे, अशी समितीची इच्छा होती. मी नको म्हटले. काकांनीही नको म्हटले, जरा उशिराने. पंचाहत्तरीच्या या दिवशी त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. तितकेच देवधरांनाही लाभो, आणि त्या दोघांचे भांडण इतक्यात मिटू नये.