टायरच्या दुकानामागची खोली

माझ्या बायकोने मला फसवलं. नव्या विंटर टायरचा वास आला की कॅनडातल्या सरे शहरातली, टायरच्या दुकानामागची, टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या टॅक्सवाल्याची खोली आठवते. आम्ही वेगळे झालो होतो, पण रिटर्नमध्ये एकत्र राहतो असं दाखवलं तर माझा टॅक्स वाचणार होता. "तू गप्प बस, मी बोलतो," मी गाडीतच बजावलं. संसारभर घासाघीस मीच केली होती. टॅक्सवाल्याने विचारलं, "एकत्र राहता?" माझ्याआधी तीच म्हणाली, "नाही." मी आवाज चढवला. ती पर्स उचलून शांतपणे म्हणाली, "अहो, भाव पटला नाही की तुम्ही दुकानातून उठता ना? ही मी निघाले." ती दारापर्यंत पोचायच्या आत मी म्हणालो, "सेपरेटेड लिहा." मला समोरच्याला इतक्या झटपट कधीच नमवता आलं नव्हतं. मी अजून थक्क आहे. एवढं कसब तिने संसारभर माझ्यापासून का लपवलं, याचा जाब तिने दिलाच पाहिजे.