मुट्टुकाडूच्या चिखलात फिरलेलं पुढचं चाक

करमाळ्याचे तांबोळी सर. हे नाव आधी लिहितो, मग बाकीचं. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. माझे वडील बाजार समितीत हमाल होते आणि शाळा संपली की मीही पोती उचलणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं. सरांनी तीन संध्याकाळी येऊन वडिलांची समजूत घातली, फॉर्म स्वतः भरला, आणि प्रवेशाच्या दिवशी एसटीने सांगलीपर्यंत माझ्याबरोबर येऊन दिवसभर कॉलेजच्या फाटकाबाहेर बसून राहिले. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी असा झालो. जे घडलं ते मी सगळ्यात आधी सरांनाच पत्राने कळवलं होतं. त्यानंतर लिहून काढतोय ते आज, इतक्या वर्षांनी.

या सदरातले गूढ अनुभव मी वाचतो, पण खरं सांगू? वाचून झाल्यावर मनात कारण शोधत बसतो, आणि बहुतेक वेळा ते सापडतंही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एका गोष्टीचं कारण मात्र मला सापडलेलं नाही...

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणत. गिंडीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नोकरीला होतो. जुन्या जीप घ्यायच्या, त्यांचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायचं, पाट्यांच्या स्प्रिंगा वाढवायच्या, सायलेन्सरचं तोंड छतापर्यंत न्यायचं, मोठे टायर चढवायचे... आणि अशा गाड्या जंगलात, खाडीत काम करणाऱ्या लोकांना द्यायच्या, हा आमचा धंदा. मालकाला सगळे 'मुदलाळी' म्हणत. तमिळमध्ये मालकाला तोच शब्द.

तिथले मुख्य मेकॅनिक सेतुमाधव राव. तंजावरकडचे मराठी, राहायला मैलापूरला. कामगार त्यांना 'रायर' म्हणायचे, मी 'मामा' म्हणायचो. त्यांची मराठी जुनी, हेल तमिळ. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, "तुझी मराठी रेडिओची रे इंजिनिअरबाबा. माझी महाराजांची!" कॉलेजात जे शिकलो नव्हतो ते सगळं मला या माणसाने शिकवलं. वय साठीच्या पुढे. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन दूर. "घरीं बसलों तर भिंतीशीं बोलावें लागेल," असं ते हसत म्हणायचे. पण ते हसणं मला कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका सर्व्हे पार्टीची जीप आमच्याकडे होती. दोनदा ट्रायल झाली, दोनदा नापास. एकदा इंजिन तापलं, एकदा क्लच गेला. दुसऱ्या वेळी मुदलाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "रायरची नजर गेली, हात गेले. आता तिसऱ्यांदा काही चूक निघाली, तर रायर घरी." मामा हातातला पाना पुसत राहिले.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघं सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत राबलो. मे महिना, मद्रासचं ते सर्वांत कडक ऊन, पत्र्याचं छप्पर. दुपारी जीपच्या खाली झोपलं की जमिनीचा गारवा लागायचा, म्हणून काम नसतानाही आम्ही खालीच पडून असायचो. बोलायचं त्राणही नसायचं.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. अशा जीपमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते ती गाडीखालच्या एका लोखंडी दांड्यातून. त्याला आम्ही पुढचा प्रॉपेलर शाफ्ट म्हणतो. तो काढला तरी गाडी रस्त्यावर व्यवस्थित चालते, कारण मागची चाकं ढकलतात. पुढची नुसती घरंगळतात, बैलगाडीच्या चाकांसारखी. चिखलात मात्र दांड्याशिवाय पुढच्या चाकांचा काडीचा उपयोग नाही.

ट्रायल सोमवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मामांनी तो दांडा उतरवला, कारण त्याच्या सांध्यात आवाज येत होता आणि नवा भाग शनिवारी दुपारी मिळणार होता. शनिवारी सकाळी सर्व्हेचे नायर साहेब अचानक दारात उभे. "सोमवारी मला वेळ नाही. आत्ताच जाऊ."

एकच धावपळ झाली, आणि दांडा उतरवलाय हे त्यात आम्हा दोघांच्याही डोक्यातून गेलं. निघण्याआधी तपासणीची यादी भरायचं काम माझं. सत्तावीस ओळी, प्रत्येकीपुढे खूण. मी स्टुलावर बसलो होतो आणि बसल्या बसल्याच सगळ्या खुणा केल्या. 'पुढचा शाफ्ट' या ओळीपुढेही. वाकून पाहिलं नाही. तीन आठवड्यांनंतर वाकायचाही कंटाळा आला होता, हेच खरं कारण.

मद्रासच्या दक्षिणेला मुट्टुकाडू आहे. समुद्राचं पाणी आत शिरतं तिथे, काठाला काळ्या चिखलाचा पट्टा आहे. वेळ सकाळी साडेदहाची. डोळे दिपतील असं ऊन. नायर साहेब स्वतः गाडी चालवत होते. मी आणि मामा चिखलाच्या कडेने गाडीबरोबर चालत होतो.

मध्यावर जीप रुतली. मागची चाकं गरगर फिरून खड्डा करत अर्ध्यापर्यंत आत गेली. साहेबांनी लिव्हर ओढून फोर-व्हील टाकलं, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी. तरी तेच. मी मामांकडे पाहिलं. ते ओठ हलवत होते, बहुधा देवाचं काहीतरी म्हणत होते. संपलं सगळं, असं मला वाटलं.

आणि मग पुढचं डावं चाक फिरायला लागलं.

हे नीट वाचा. जीप जागेवर उभी होती. पुढे सरकत नव्हती, मागे घसरत नव्हती. आणि पुढचं चाक फिरत होतं... सावकाश, जोर लावून, टायरच्या प्रत्येक खाचेत चिखल भरून वर आणत. माझ्यापासून चार हातांवर. त्यातला गोळा उडून मामांच्या पांढऱ्या वेष्टीवर, तिकडच्या धोतरावर, बसला.

"धरलें! धरलें!" मामा ओरडले. "साहेब, सोडूं नका, असेंच येऊं द्या!"

पुढची चाकं चिखल पकडत गेली आणि जीप म्हशीसारखी अंग झाडत वर आली. नायर साहेबांनी बॉनेटवरच कागद ठेवून 'पास' लिहिलं. परत येताना आम्ही चहाला थांबलो, तोही जीपला टेकून उभं राहूनच प्यायलो. गाडी एक क्षणही नजरेआड झाली नाही.

वर्कशॉपमध्ये मामा चिखल धुवायला खाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. बराच वेळ ते हललेच नाहीत. ऊन लागलं की काय म्हणून मी घाबरून हाक मारली.

"इंजिनिअरबाबा," आतून आवाज आला. "वाक. बघ."

मी वाकलो. दांडा नव्हता. तो बाकावर, गोणपाटात गुंडाळलेला, शुक्रवारी ठेवला होता तसाच पडला होता.

मी म्हणालो, "मामा, मग ते चाक...?"

मामांना चाकाचं काही पडलंच नव्हतं. जमिनीवर बसून ते आपल्या तळहातांकडे बघत होते. "गाडी कशी निघाली तें देव जाणे. मी विसरलों रे. चाळीस वर्षांत असें विसरलों नाहीं. मुदलाळी खरेंच बोलला."

"खूण मी केली होती मामा. न बघता."

"तूं मागाहून. आधीं मी." मग म्हणाले, "सोमवारीं सांगतों त्यांना."

मी त्यांची विनवणी केली. म्हटलं, उद्या रविवार आहे, गाडी तशीच नेऊन पाहू. दांड्याशिवायही ती तिथून निघते असं दिसलं, तर मग विसरण्यात एवढं काय? मामा तयार झाले, पण मला बरं वाटावं म्हणूनच.

रविवारी त्याच जागी, त्याच वेळी मी गाडी घातली. दहा-बारा हातांत पोटापर्यंत बसली. मागची चाकं फिरत होती, पुढची मेल्यासारखी स्थिर. तासभर घाम गाळला. शेवटी आधीच्या ट्रायलपासून ओळखीच्या झालेल्या कोळ्यांनी दोर लावून ओढून काढलं, आणि हसून हसून बेजार झाले. एक जण म्हणाला, "काय रायर, जीप पेरताय का? उगवली की एक आम्हाला द्या!" मामाही हसले. परत येताना मात्र ते पुन्हा आपल्या तळहातांकडे बघत बसले.

तेव्हापासून किती इंजिनिअरांना विचारलं असेल, मोजदाद नाही. कुणी म्हणतं ऊन, कुणी म्हणतं खाली कडक थर असेल, गाडी सरकली म्हणून चाक फिरलं. गाडी सरकत नव्हती, एवढंच मी सांगत राहतो. आता सांगायचाही थकवा येतो. कारण नाही मिळालं.

सरांना मी पाठवलेली पत्रं ते चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवत, त्यामुळे तेव्हाचं हे पत्रही माझ्याकडे आहे. यात वरची सगळी हकिगत आहेच. शेवटचं पान तेवढं देतो. चाकाच्या मजकुराला सरांनी लाल शाई लावलेली नाही.

"...सर, आज सोमवारी मामांच्या आधी मीच मुदलाळींच्या खोलीत गेलो. दांडा नव्हता हे सांगितलं. यादीवर खूण मी न वाकता केली, हेही सांगितलं. ते हसले. म्हणाले, दांड्याशिवाय गाडी निघालीच नसती, म्हणजे दांडा होता, तुम्हा दोघांना ऊन लागलंय. मी म्हणालो, नव्हता. तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. म्हणाले, 'नव्हता, तर रायर आजच घरी. होता, तर राहतील. आता तूच सांग, होता की नव्हता?'

सर, मी गप्प बसलो. खरं सांगायला गेलो होतो आणि तोंडातून शब्द फुटेना. मामा दारात कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. तेच म्हणाले, 'नव्हता.'

आपल्या पान्यांची पिशवी घेऊन ते निघाले. मी त्यांच्याबरोबर बसस्टॉपपर्यंत गेलो. मला रागावतील असं वाटलं होतं. बस दिसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'चाक फिरलें ना रे? तूं पाहिलेंस ना?' मी म्हणालो, पाहिलं मामा. 'सरी, बरें,' म्हणाले, 'मग झालें,' आणि बसमध्ये चढले.

ते चाक कसं फिरलं हे मला सांगता येत नाही. तुम्ही मला इतकं शिकवलंत, तरी नाही. त्याचं उत्तर मी तुमच्याकडे मागतही नाही. पण त्या खोलीत मी गप्प बसलो होतो, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं. दर रविवारी मैलापूरला त्यांच्याकडे जायचं ठरवलं आहे. दार उघडतील असं वाटतं.

आपला विद्यार्थी,
दत्ता"