ज्वारीत पाय

फर्दापूर सोडलं त्या सकाळी माझ्या वहीत सामानाची यादी होती : गादी, शेगडी, फाइल, मुक्ताच्या मोज्यांचे सहा जोड. ज्वारीचं पोतं यादीत नव्हतं. ते आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ऐनवेळी एसटीत चढवायला लावलं. हॉर्न वाजला, मुक्ता कान दाबून किंचाळली, मी तिला पदराखाली घेतलं आणि आत्यांचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. खिडकीखालून त्यांचं एवढंच ऐकू आलं, "तिचे पाय भुईला लागू दे गं जरा." मला तो टोमणा वाटला. सहा वर्षांची मुलगी मी कडेवर वागवत होते.

तुम्हा घरच्यांना मी फोनवर "बरं चाललंय" एवढंच सांगत आले. म्हणून तुमच्यासाठी, आणि आमच्यासारखं लेकरासाठी गाव सोडून आलेल्यांसाठी, नीट लिहिते.

कुकरची शिट्टी, कॉलरमागचं लेबल, पायाला लागलेला मातीचा कण, यातलं काहीही मुक्ताला सोसत नाही. गावात त्याला हट्ट म्हणायचे. संभाजीनगरच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या की हा हट्ट नाही, तिला ते खरंच टोचतं. सरावानं कमी होऊ शकतं. आठवड्यातून तीन दिवस यायचं होतं. गावाहून तीन तासांची एसटी तिला झेपणारी नव्हती, म्हणून बजाजनगरात खोली घेतली. तिचे बाबा लॉजच्या नोकरीसाठी तिकडंच राहिले.

जूनमध्ये शाळा आहे. तिथं वर्गाबाहेर बूट-मोजे काढून आत बसायचं असतं. मुक्ता झोपेतही मोजे काढू देत नाही.

मॅडमनी घरचा सराव दिला : टबात ज्वारी घ्यायची, आधी हात, मग उघडे पाय, दहा आकडे म्हणून होईपर्यंत. केलं की वहीत खूण करायची.

हात घातले. पायांशी मी अडले. खाली सांडलेला दाणा उचलून कपाळाला लावणारं आमचं घर. त्यात ही आत्यांनी निवडून, ऊन देऊन दिलेली ज्वारी. मी मोजे काढलेच नाहीत आणि खूण मात्र केली. तीन आठवडे, रोज. आयुष्यभर वह्या ठेवल्या, खोटं कधी लिहिलं नव्हतं.

मॅडमनी वही पाहिली, मग मुक्ताचे आखडलेले पाय पाहिले. मला सांगावंच लागलं. त्या रागावल्या नाहीत. "ताई, तेव्हाच बोलायचं ना. वाळू चालली असती." वाळू आणली. मुक्तानं तिला बोटही लावलं नाही. ज्वारीत निदान हात जात होते.

शेवटी आत्यांना फोन केला, खोट्या खुणांसकट सगळं सांगितलं.

"एवढी शिकलीस अन् खळं इसरलीस?" त्या म्हणाल्या. "आमच्या टायमाला ज्वारी बैलाच्या अन् मान्साच्या पायाखालीच निघायची. आधी खळ्याच्या पाया पडायचं, मग तुडवायचं. तू बी पाया पड अन् घाल तिचे पाय. अन् त्या खुणा खोड आधी."

खोडल्या. तीन आठवडे वाया गेले होते, ते खोडून परत आले नाहीत. पहिल्या दिवशी मुक्तानं माझ्या दंडाला चावा घेतला, दोनपर्यंतही आकडे गेले नाहीत. आता ती टबाला आपणहून नमस्कार करते, मग रडते, मग एक पाय देते. काल सातपर्यंत पोचलो. आज पुन्हा तीन.

घरी कधी येणार, असं तुम्ही विचारता. वहीत त्या प्रश्नापुढची जागा कोरी आहे. पूर्वी घर म्हटलं की मला माणसं आठवायची. आता दारापासून गोठ्यापर्यंतचं मातीचं अंगण दिसतं, आणि मुक्ताचे उघडे पाय. ते अंतर मी कधी मोजलं नव्हतं. परवा आत्यांना फोन चालू ठेवून मोजायला लावलं. त्या चालत गेल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "माझी चौदा पावलं. तिची वीस तरी व्हतील."