वर्लिनने मागे घेतलेला ट्रेलर

वर्लिन स्पूनरने ऑरेगनच्या डोंगरांतून चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवला. निवृत्त झाल्यापासून तोच ट्रक तो रोज सकाळी आमच्या गावच्या कॉफीच्या दुकानात बसून, गोष्टींमधून चालवतो. प्रत्येक वळणाला टेबलाभोवतीचे लोक श्वास रोखतात.

गेल्या जुलैत त्याने कॅम्पिंगसाठी ट्रेलर घेतला आणि मला, माझ्या तंबूसकट, जंगलात नेलं. रस्ता जुन्या लाकूडवाहू रेल्वेचा. रूळ कधीच उखडले, पण रुंदी अजून एका इंजिनाचीच. भरलेली गाडी उतरताना दिसली की चढणाऱ्याने मागे जायचं, हा इथला नियम.

तिसऱ्या मैलावर समोरून लोएटा हॅस्केट आली, तिच्याही मागे ट्रेलर. ती शाळेची बस चालवते; माझी जुनी विद्यार्थिनी.

"वर्लिन, मागे घ्या! मी उतरतेय."

"नियम भरलेल्या गाडीचा आहे. तुझ्यात काय भरलंय?"

"दोन कुत्री आणि सासूबाई. आणखी किती भरू?"

वर्लिन हसला नाही. आरशात बघत मला हळूच म्हणाला, "बाई, मला ट्रेलर मागे घेता येत नाही."

कारण सरळ होतं. भरून उतरताना बाकीचे मागे जायचे. रिकामा चढताना ट्रेलर ट्रकच्याच पाठीवर ठेवलेला असायचा. चाळीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

"गावात कळलं तर मी कॉफी कुठे प्यायची?"

मग तो खाली उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "आमचा मुक्काम इथेच!" रस्त्याच्या मधोमध खुर्ची मांडून त्याने स्टोव्ह पेटवला. मी मुकाट्याने सॉसेज परतले.

लोएटाने अर्धा तास वाट पाहिली, दोन सॉसेज खाल्ले आणि वर्लिनकडे नीट पाहिलं. बसमध्ये रडू लपवणाऱ्या पोरांकडे ती असंच बघते.

"किल्ली द्या. तुम्ही मागे उभं राहून हात दाखवा."

गाडी बाजूला घ्यायच्या जागेपर्यंत, चांगला पाव मैल, तिने तो ट्रेलर अलगद मागे नेला. वर्लिन जोरजोरात डावीकडे हात दाखवायचा, ती शांतपणे उजवीकडे वळवायची.

सोमवारी दुकानात मी धास्तावूनच बसले. लोएटा आली, कप भरून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शनिवारी वर्लिनमुळे मला वाट मिळाली. पाव मैल ट्रेलर मागे गेला!"

सगळ्या माना वर्लिनकडे वळल्या. वर्लिनचे कान लाल झाले. त्याने कप खाली ठेवला, घसा खाकरला. मला वाटलं, आता खरं सांगतोय.

"अर्धा मैल," तो म्हणाला.