शेपूट तोडलेली संख्या

माणसाचे सत्त्व त्याने साठवलेल्या ज्ञानात असते, की तो साठा ओसरल्यावरही जागा राहणाऱ्या विवेकात? नारीन गावच्या शाळेत भाषा शिकवताना हा प्रश्न मी दीर्घकाळ मनाशी बाळगला. गणिताचे शिक्षक तुर्दाकुन अगाय (आमच्याकडे गुरुजींना अगाय म्हणतात) यांच्या सहवासात तो सुटला असे म्हणवत नाही. त्याची भीती मात्र गेली.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर अगाय हौशी मुलांचा वर्ग घेत. त्यांची लाडकी संख्या ७३९३९१३३. ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः यांवाचून तिला कोणी निःशेष भागू शकत नाही. तिचा शेवटचा अंक पुसला, तरी उरते ती मूळच. पुन्हा पुसा, पुन्हा मूळच, थेट सातापर्यंत. असे पुसणे सोसणारी याहून मोठी संख्या नाही. “तोडा शेपूट!” अगाय गरजत, आणि फळ्याशी झुंबड उडे.

पक्षाघातानंतर त्यांची स्मृती विरू लागली. पालक कुरकुरले. मुख्याध्यापिका अनारकुल ही अगायांचीच विद्यार्थिनी. वर्ग बंद करायचा का, हे ठरवायला ती एका गुरुवारी येऊन बसली. अगायांच्या पत्नी बुरुलसुन त्यांना हाताला धरून आणत आणि मागच्या बाकावर मोजे विणत बसत.

“आलीस का गं?” त्या म्हणाल्या. “आधी हे तळलेले बोरसोक खा, चहा घे. फाशी द्यायची ती भरल्या पोटी दे.”

“एजे, असं काय बोलता!” थोरल्या बहिणीला म्हणावे तसे म्हणत अनारकुल ओशाळली.

अगायांनी खडू उचलला. सात, तीन, नऊ, तीन... आणि हात थांबला.

“पुढचं गेलं, पोरी,” ते हळूच म्हणाले.

अनारकुल उठली. “गेलं तर गेलं, अगाय. उरलंय ते तपासू.” तिने ७३९३ला भागायला घेतले. सातने बाकी उरली, अकराने उरली. ती भागत गेली, सत्तेचाळीसपर्यंत आली आणि त्याच ओघात तिने एकोणपन्नास लिहिले.

“थांब!” अगायांचा आवाज एकाएकी पूर्वीचा झाला. “एकोणपन्नास कशाला? सातने भाग जात नाही, तर सात सत्तेने कुठून जाईल? शाळेत होतीस तेव्हाही हेच करायचीस. फुकटचे कष्ट!”

पोरे खिदळली. बुरुलसुन यांच्या सुया थांबल्या होत्या.

अनारकुलने डोळे पुसले. गालाला खडू लागला. “वर्ग बंद होणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही बोला, फळ्यावर मी लिहीन.”

“लिही. पण अक्षर सुधार. कोंबडी नाचल्यासारखं दिसतंय.”

पुढे दोन हिवाळे दोघांनी मिळून तो वर्ग घेतला. अखेरीस अगायांना मुलांची नावेही आठवत नसत. चुकीचा भागाकार मात्र ते लगेच अडवीत. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. गुरुवारचा वर्ग अनारकुल घेते.