चिन्मयीच्या नावाची ओळ

आसावरी मोहोड लग्नाआधी परतवाड्याच्या एका पतसंस्थेत कॅशियर होती. लग्नानंतर ती अच्युतबरोबर चंडीगडला आली आणि सेक्टर ३९मध्ये, त्याच्या संशोधन संस्थेच्या क्वार्टर्समध्ये, आमच्या बरोबर वरच्या घरात राहू लागली. अच्युत तिथल्या प्रयोगशाळेत टेक्निकल ऑफिसर. माझे यजमानही त्याच संस्थेत. मी सांगलीकडची, ती वऱ्हाडातली, पण इतक्या लांब मराठी बोलणारं दार वरच्याच मजल्यावर मिळालं की जिल्हा कोण विचारतं? ती मला ताई म्हणायची आणि मी तिला सरळ एकेरी हाक मारायचे.

त्यांना एकच मुलगी, चिन्मयी. ती रांगायच्या वयाची असतानाच कळलं की तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात रक्त नीट तयारच होत नसे, ते दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागे. त्यात रक्तगट ओ निगेटिव्ह. सर्दी-खोकल्याचं औषध आणावं तशी आसावरी रक्त शोधायची. गुरुद्वाऱ्यातली शिबिरं, कॉलेजांतली शिबिरं, इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यांतली शिबिरं, सगळीकडे ती जायची आणि ओ निगेटिव्ह माणूस दिसला की त्याचा नंबर घेऊन यायची.

हळूहळू शहरातल्या अशा मुलांच्या आईबापांचा एक ग्रुप झाला. फोनवर मेसेज फिरायचे, पण गोंधळ फार. कालच रक्त देऊन गेलेल्याला आज पुन्हा फोन जायचा, तो वैतागायचा आणि नंतर फोन उचलेनासा व्हायचा. पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने थांबायलाच लागतं. कुणी कधी दिलं ते कुणालाच आठवत नसे.

"ताई, मी प्रोग्राम लिहिणार आहे," आसावरी एक दिवस म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा रुपेश नावाचा आमच्या ओळखीचा मराठी मुलगा होता. त्यानं तिला अच्युतच्या जुन्या लॅपटॉपवर डेटाबेस घालून दिला, थोडं शिकवलं आणि सांगितलं, "काकू, अडलं की ऑनलाइन विचारा. सगळे तसंच शिकतात." मग ती हिंदी व्हिडिओ बघत, पोळ्या लाटता लाटता एकेक गोष्ट उचलत गेली. टेबल म्हणजे रजिस्टर आणि रो म्हणजे त्यातली एक ओळ, हे पतसंस्थेतल्या बाईला समजवायला लागलं नाही. अडायचं ते स्वल्पविरामावर आणि अवतरणचिन्हावर.

प्रश्न विचारायला इंग्रजी हवं, ते एव्हाना हायस्कुलात गेलेल्या चिन्मयीचं काम. प्रोग्रामरांच्या त्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर आईचं खातंही तिनंच काढलं. नाव ठेवलं 'कन्फ्यूज्ड आई'. घरात ती आसावरीला मम्मी म्हणायची आणि मराठी कळत असूनही उत्तर हिंदीतच द्यायची. तिथे मात्र तिनं 'आई' लिहिलं.

पहिल्याच प्रश्नावर लोक तुटून पडले. आधी माहितीपुस्तिका वाचा. हा प्रश्न आधीच विचारला गेलाय. इतकं साधं इथे विचारू नका. प्रश्न बंद झाला, वर उणे गुणही मिळाले.

"मम्मी, तुझे माइनस तीन मिले!" चिन्मयी पलंगावर लोळून हसत होती.

आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली, "काउंटरवर कोणी अंगठा उठवणारा आला तरी मी कधी असं परत नाही पाठवलं बाप्पा. विचारूनच राहिले होते ना मी?"

तरी ती विचारत राहिली. आणि प्रोग्राम चालू लागला. रोज सकाळी सहाला तो यादी काढायचा, या आठवड्यात कोणत्या मुलाला रक्त लागणार आणि कोणता दाता देऊ शकतो याची.

मग जूनमध्ये तिच्या हातून मोठी चूक झाली. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, रक्तपेढीत खडखडाट. अशा दिवसांत तिनं एका दात्याची रक्त दिल्याची तारीख बदलायला घेतली आणि 'कोणाची' हे सांगणारा तुकडाच लिहायचा विसरली. सगळ्या दात्यांची तारीख एका झटक्यात आजची झाली. प्रोग्रामच्या मते शहरात रक्त देऊ शकणारा एकही माणूस उरला नाही.

तिनं लगेच साइटवर लिहिलं. बॅकअप कुठे आहे, असा पहिला प्रश्न आला. बॅकअप नव्हता. मग ज्याला बॅकअप घेता येत नाही त्यानं रुग्णांच्या माहितीला हात लावू नये, असं एकानं सुनावलं. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

त्या गर्दीत श्रीनिवास नावाच्या एका माणसाचं उत्तर आलं. हुबळीकडचा कुणी इंजिनियर, एवढंच त्याच्या नावाखाली लिहिलेलं. त्यानं लिहिलं की ही चूक माझ्याही हातून झाली आहे, आणि नोकरीत झाली आहे. आता काही बदलू नका. गेलेल्या तारखा मशीनमधून परत येणार नाहीत, पण माणसांकडून येतील. त्यांना फोन करा.

ग्रुपमधल्या सगळ्या आयाबापांनी नावं वाटून घेतली आणि फोन केले. बहुतेक तारखा परत मिळाल्या. त्यानंतर श्रीनिवासनं तिला रक्तदानांचं टेबल वेगळं करायला शिकवलं. कुणी दिलं, कोणत्या मुलाच्या नावावर दिलं, केव्हा दिलं, याची दर वेळची स्वतंत्र ओळ, आणि ती त्या मुलाच्या ओळीला बांधलेली. म्हणजे काही पुसलं जायची भीती नाही.

रुपेशनं मेसेज आपोआप जायची सोय केली. आणि आसावरी स्वतःच साइटवर नवख्यांना उत्तरं देऊ लागली. कुणी बिचारा चुकलेला प्रश्न टाकायचा, लोक त्याला झोडपायला यायच्या आत ही लिहायची, "घाबरू नका, कंस बंद करायचा राहिलाय." चिन्मयी तिला 'सरजी' म्हणून चिडवायची. त्या दिवसांत मी वर गेले की दोघी एकाच स्क्रीनवर डोकी भिडवून बसलेल्या असायच्या. आसावरीला इतकं सुखी मी आधी पाहिलं नव्हतं.

रक्त मिळत होतं, पण दर वेळच्या रक्ताबरोबर शरीरात लोहही जातं आणि ते साठत राहतं. ते बाहेर काढायला पोटाला सुई लावून रात्रभर छोटा पंप चालवावा लागे. चिन्मयी अकरावीत गेली. मैत्रिणी मोहालीच्या मॉलमध्ये फिरायच्या, हिच्या पोटावर सुयांच्या गाठी. ती कंटाळली.

"मम्मी, आज रहने दे ना. सिर्फ आज."

आणि आसावरी, जी रक्ताच्या एका पिशवीसाठी अख्खं शहर पालथं घालायची, ती लेकीच्या या वाक्यापुढे विरघळायची. डॉक्टर रागावले की चार दिवस नियमानं पंप लागे. मग पुन्हा ढिलाई. अच्युत बोलायचा, पण तो दिवसभर प्रयोगशाळेत असायचा आणि घरी आल्यावर वाद नकोसा वाटायचा.

डिसेंबरच्या धुक्यात चिन्मयी जिन्यात आमच्या दाराशी बसलेली मला दिसली. धाप लागली होती.

"काय गं?" मी विचारलं.

"कुछ नहीं मौसी, बस थक गई."

थकवा हृदयाचा होता. लोह हृदयात साठलं होतं. हॉस्पिटलात नेल्यावर डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं, पण त्यात तापाची भर पडली आणि लोहडीच्या सणाआधी ती गेली. खाली कॉलनीतली माणसं शेकोटीसाठी लाकडं गोळा करत होती. आम्ही गाडी आत घेतली तेव्हा त्यांनी आपापली लाकडं गुपचूप बाजूला ओढली आणि वाट करून दिली.

तेराव्यापर्यंत परतवाड्याची माणसं होती, मग तीही गेली. लॅपटॉप कोपऱ्यात चालूच होता. तो बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण बाकीच्या मुलांच्या याद्या त्याच्यावरच निघत होत्या.

एका सकाळी आसावरीचा फोन वाजला. मी तिच्याकडे चहा घेऊन गेले होते. फोन गुरमेल सिंगांचा होता. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लेथचं वर्कशॉप, रक्तगट ओ निगेटिव्ह, चिन्मयीला कितीदा रक्त दिलेला माणूस. इतके दिवस पंजाबात गावी होते, त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"भैणजी, मैं पहुंच गया जी," त्यांचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता. "मैसेज आया सी, चिन्मयी बिटिया दा. ब्लड बैंक विच बैठा हां. बिटिया कदों आणी है?" चिन्मयी कधी येणार, हे विचारत होते.

आसावरीनं फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि सांगितलं.  मग ते म्हणाले, "किसी होर बच्चे नूं दे दिंदा हां जी," आणि दुसऱ्या कुणा मुलासाठी रक्त द्यायला त्यांनी फोन ठेवला.

प्रोग्रामचं काही चुकलं नव्हतं. चिन्मयीला रक्त देऊन आठवडे उलटून गेले होते, म्हणून त्यानं तिचं नाव यादीत सगळ्यात वर घेतलं होतं. रोज सकाळी सहाला.

आसावरी उठली आणि लॅपटॉपसमोर बसली. "ताई, हिला काढायला पाहिजे इथून," ती म्हणाली. तिनं पुसायची आज्ञा लिहिली. मशीननं नकार दिला. लाल अक्षरांत एरर आला की ही ओळ पुसता येत नाही, दुसऱ्या टेबलातल्या ओळी हिच्यावर अवलंबून आहेत. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या बोटांनी कळा इतक्या जोरात दाबल्या की मी तिचा हात धरला.

ती साइटवर गेली आणि प्रश्न लिहिला. यावेळी इंग्रजी तिचं स्वतःचं होतं, मोडकंतोडकं. उत्तरं भराभर आली. एकानं लिहिलं की नियम असा बदला, मुख्य ओळ पुसली की तिला बांधलेल्या सगळ्या ओळी आपोआप पुसल्या जातील. तसं केलं असतं तर चिन्मयीला आजवर ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं त्या सगळ्यांच्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या असत्या. कुणीतरी खाली विचारलं, पण मुळात पुसायची आहे कशासाठी? मग तिनं प्रश्नात दोन वाक्यं वाढवली. ही पेशंट माझी मुलगी होती. ती आता नाही.

दुपारी मी पुन्हा वर गेले तर ती दोन वाक्यं तिथे नव्हती. त्या साइटवर कुणीही कुणाचा प्रश्न नीटनेटका करू शकतो. एका अनोळखी माणसानं तिचं व्याकरण सुधारलं होतं, शुद्धलेखन सुधारलं होतं आणि कारण लिहिलं होतं, 'प्रश्नाशी संबंध नसलेला मजकूर काढला.'

मला संताप आला. "काय माणसं आहेत ही!"

"त्याचं चुकलं नाही ताई," आसावरी म्हणाली. "प्रश्न डेटाबेसचा होता ना." आणि मग ती रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, घाटावर रडली नव्हती. टेबलावर डोकं ठेवून आवाज करून रडली.

श्रीनिवासनं ती वाक्यं काढली जायच्या आधी वाचली होती. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. पुसू नका, त्यानं लिहिलं होतं. रुग्णांच्या टेबलात एक रकाना वाढवा, चालू की बंद एवढं सांगणारा. चालू असतील तेवढीच नावं यादीत येतील, बाकी सगळं जागेवर राहील. खाली फक्त तीन शब्द होते, 'माफ करा, आई.'

रकाना करून झाला, पण त्यात काय लिहायचं ते तिला सुचेना. बंद लिहवेना, दुसरा शब्द तर नाहीच. अच्युत कामावरून येऊन तसाच दारात उभा होता. तो जवळ आला, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "एक आणि शून्य ठेव. शब्द नको." मग त्यानंच शून्य दाबलं. तिनं एंटर दाबलं. नंतर दोघंही तसेच बसून राहिले. मी दार ओढून घेतलं आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत पहिलं नाव पंचकुल्यातल्या एका छोट्या मुलाचं होतं.

उन्हाळ्यात आसावरीनं सगळं काम त्याच मुलाच्या वडिलांना शिकवलं आणि लॅपटॉप त्यांच्या घरी पोचवला. साइटवर ती पुन्हा गेली नाही. अच्युतनं बदलीसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला नाही, म्हणून ते अजून वरच राहतात. एकदा आम्ही गच्चीवर वाळवणं घालत होतो तेव्हा मी तिला विचारलं, झोप लागते का?

"लागते," ती म्हणाली. "पण पंप लावला का ते बघायला उठते. उठून तिच्या खोलीपर्यंत जाते. दाराशी गेल्यावर आठवतं."