खंडेनवमीचा पाट

लोहाऱ्याच्या स्टँडवर आमचं बिऱ्हाड मोटारीच्या टपावर चढवलंस तो तूच, सुदामा. ट्रंक, वळकट्या, पितळी घागर, पाटा-वरवंटा, सगळं चढवून झाल्यावर तू मायला विचारलंस, "काकू, विळी राहिली का काय घरी?" माय म्हणाली, "राहू दे." विळीच कशाला, कोयता, खुरपं, अडकित्तासुद्धा मागं ठेवून ती निघाली होती. माझा भाऊ बापू लिंबाखाली उजवा हात गळ्यात बांधून बसला होता. ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत आप्पा स्टँडवर येरझारा घालत होते, आणि प्रत्येक फेरीला बापूकडं पाहायचं टाळत होते.

त्या येरझारा वारशानं माझ्याकडं आल्या. सोलापुरात येऊन इतकी वर्षं झाली, तरी मी एका जागी फार वेळ बसत नाही. गिरणीचा भोंगा झाला, कुठं फटाका वाजला, की उठून दाराची कडी बघून येते. नगरपालिकेच्या शाळेतली पोरं म्हणतात, बाई वर्गात नुसत्या फिरतात.

परवा तुळजापूरला जाऊन आलेल्या शेजाऱ्याबरोबर तू निरोप धाडलास. दसऱ्याला गावी या. पोरानं रानडुकरांसाठी बंदूक घेतली आहे, खंडेनवमीला तिची पूजा आत्याच्या हातून व्हावी अशी त्याची हौस आहे. तुझ्या पोराला अजून धड मिसरूड फुटलेलं नाही, सुदामा. निरोप ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही, आणि खरं सांगायचं तर तुझा राग आला आहे.

आपल्या गावात बंदुका कशा आल्या हे तुला मी सांगायला नको. रझाकारांच्या दिवसांत बापू आणि तू निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कँपात भाकरी पोचवायला जात होता आणि येताना ठासणीच्या बंदुका घेऊन आलात. गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. मग निजाम गेला, विलीनीकरण झालं, हत्यारं जमा करा अशी दवंडी पिटली, पण जमा कोण करतो? कडब्याच्या गंजीत, माळवदावर, कोंड्याच्या कणगीत बंदुका तशाच राहिल्या. लग्नाच्या वरातीत बार निघायला लागले. बार काढणारी पोरं सगळी वीस वर्षांच्या आतली. शाळेतल्या पाटीपेक्षा ती नळी त्यांना जड वाटत नव्हती. बापूनं तर एकदा बांधाच्या भांडणात तुझ्याच छातीवर नळी रोखली होती. आप्पा मध्ये पडले म्हणून बरं, नाहीतर आज मी कुणाला लिहिलं असतं?

पुढं शेजारच्या गावात तसल्याच भांडणात एक पोरगा खरंच मेला. मारणाराही पोरगाच होता. मग पोलीस हिंडायला लागले. घरोघर झडती, घरोघर एकच उत्तर, "आमच्यात न्हाय, साहेब." पावसाळाभर हे चाललं. फौजदार शांतपणे ऐकून घेऊन परत जायचा. तो आपल्याच मुलखातला माणूस होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खंडेनवमीला सकाळी मायनं पाट मांडला. विळी, कोयता, खुरपं धुऊन ठेवलं, आप्पांचा चाकू आणि दौत ठेवली. मग गंजीतून बापूची बंदूक काढून आणली आणि मधोमध ठेवली. आप्पा म्हणाले, "आज तरी नको." माय म्हणाली, "घरातलं हत्यार खंडेनवमीला बिनपूजेचं ठेवत्यात व्हय?" कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ऊद घातला. उदाचा धूर दारातून बाहेर पडत असतानाच फौजदार दारात उभा राहिला. त्या सकाळी प्रत्येक घरातलं हत्यार आपल्या पायानं बाहेर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आमचं घर वेशीजवळ, म्हणून पहिलं. तुझ्या आईपर्यंत ओरड पोचली आणि तुझी बंदूक विहिरीत गेली.

पोलिसांनी बंदुका शोधूच नयेत असं मी म्हणत नाही. एक पोरगा मेला होता. पण बंदूक समोर पाटावर होती, बापूनं हात जोडलेले होते. तरी त्याला चावडीत नेला आणि साऱ्या गावादेखत बडवला. आणखी कुणाकुणाकडं आहेत सांग, म्हणून विचारत होते. त्यानं नाव घेतलं नाही. तेव्हा त्याचा उजवा हात ओट्याच्या कडेवर धरून बंदुकीचा दस्ता घातला. तू गर्दीत होतास, मीही होते. ज्याच्यावर त्यानं नळी रोखली होती, त्याचंच नाव तो गिळून बसला.

आप्पांनी शाळेतल्या मास्तरकीचा राजीनामा दिला. म्हणाले, "पोरं बंदुकीनं बोलत्यात आन् पोलीस काठीनं. इथं माझ्या फळ्याचं कोण ऐकतंय?"

सोलापुरात पहिल्या दिवशी कांदा चिरायला शेजारच्या तेलुगू बाईंची विळी मागून आणली. पुढं घरात विळी आली, पण खंडेनवमी आली की माय सकाळीच सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसायची ती दिवे लागल्यावर यायची. बापू गिरणीत लागला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुठीत वळत नाहीत. त्याच हातानं मागाचा दांडा ओढायला आणि तुटलेला धागा डाव्या हातानं जोडायला तो शिकला. खंडेनवमीला लूमखात्यात सांच्यांची, म्हणजे मागांची, पूजा होते, तिथला प्रसाद तो घरी आणायचा. माय त्याला हात लावत नसे.

एका वर्षी ती चपला घालत होती तोच त्यानं तिला दारात अडवलं. पाट मांडला, समोर बसला आणि आपला वाकडा हात पाटावर ठेवला.

"माय, याला कुंकू लाव."

माय उभ्या उभ्या रडायला लागली. "म्याच दावली रं त्यास्नी बंदूक."

"तू पूजा केलीस. हात त्यांनी मोडला. आन् बंदूक म्या आणली व्हती, त्ये कुनी इचारतच न्हाय. लाव कुंकू. पोट ह्योच भरतोय आपलं."

तिनं लावलं. कुंकू मनगटापर्यंत ओघळलं. तेव्हापासून दरवर्षी आमच्या पाटावर तेवढा तो हातच असतो. माय गेल्यापासून कुंकू मी लावते. घर कुठं, असं कुणी विचारलं की आता माझ्या डोळ्यांसमोर वेस येत नाही, तो पाट येतो. तेवढा वेळ मी एका जागी बसते.

तेव्हा आम्ही दसऱ्याला येणार नाही. रानडुकरं उभं पीक खातात हे मलाही कळतं, मी काही जन्मानं सोलापूरची नाही. पण त्या बंदुकीला कुंकू माझ्या हातून लागायचं नाही. तुझ्या पोराला खंडेनवमीला इकडं धाड, रिकाम्या हातानं. त्याच्या बापाचं नाव घेतलं नाही म्हणून जो मोडला, तो हात पाटावर असेल. या वर्षी कुंकू तुझ्या पोरानं लावावं.